जनान्याचा पडदा

जीजींचं सगळं आयुष्य टॉकीजमध्ये गेलं, पण पिक्चर दिसतो त्या पांढऱ्या पडद्याकडे त्यांची कायम पाठ असायची. तोंड आम्हा बायकांकडे. पुढच्या खेळाला येणारी एखादी दारातच विचारायची, "कसा आहे हो जीजी, पिक्चर?" तर त्या सांगायच्या, "ठीक आहे. बारा पदर ओले झाले." दहा पदरांच्या खालचा पिक्चर त्यांच्या लेखी फालतू. एकदा एका पिक्चरमध्ये एकही पदर भिजला नाही, उलट बायका तोंडाला पदर लावून खुदखुदत राहिल्या. तेव्हा जीजी दोन दिवस ऑपरेटरशी बोलल्या नव्हत्या.

ही मल्हारगंजातली जुनी टॉकीज. मुळात ते नाटकाचं थिएटर. होळकरांच्या अमदानीत तिथे नाटक कंपन्या मुक्काम ठोकायच्या, मग मुके चित्रपट आले, मग बोलके. पुढची बाकं पुरुषांची, आणि सगळ्यांत मागे, हातभर उंच लाकडी ओट्यावर, बायकांचा जनाना. जनान्याच्या पुढ्यात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत एक जाड किरमिजी पडदा टांगलेला. दिवे गेले की जीजी तो सर्रकन बाजूला ओढायच्या आणि आम्हाला पिक्चर दिसायचा. दिवे लागायच्या आत पुन्हा ओढून घ्यायच्या, म्हणजे पुरुषांनी माना वळवल्या तरी त्यांना आम्ही दिसू नये. मध्यंतरात त्या पडद्याआड आमचंच राज्य असायचं. शेंगा फोडल्या जायच्या, माहेरच्या बातम्या निघायच्या, एखादीचं तान्हं सगळ्यांच्या मांड्यांवरून फिरून यायचं.

"बाईस साल झाले बेटा," जीजी मला सांगायच्या, "एकाही पुरुषानं माझ्या बायकांना उजेडात पाहिलं नाही."

हे त्या कसं साधायच्या, तर ऑपरेटरच्या खोकल्यावर. दिवे लावायच्या आधी त्यानं मोठ्यानं खोकायचं, असं त्यांनी त्याला शिकवून ठेवलं होतं. खोकला ऐकू आला की पडदा बंद. एका हिवाळ्यात बिचाऱ्याला खरंच खोकला झाला. नायिका नवऱ्याच्या पायावर डोकं ठेवते आणि पडदा बंद. पुन्हा उघडला, सासू घराबाहेर काढते, पुन्हा बंद. सात वेळा असं झालं. आम्ही सगळ्या ओरडायला लागलो तर जीजी आमच्यावरच डाफरल्या, "मी काय करू? खोकला म्हणजे खोकला!"

बसायला कोणी कुठे, हेही त्याच ठरवायच्या. तिकिटावर काय लिहिलंय ते त्या बघतसुद्धा नसत. सासू-सून एका बाकावर बसवायची नाही, हा त्यांचा पहिला नियम. "दोघी एकमेकींकडे बघत बसतात, रडायचं तसंच राहून जातं." याउलट नळावर भांडलेल्या दोघी मात्र मुद्दाम शेजारी. माझ्या सासूबाईंचा आणि समोरच्या घरातल्या काकूंचा वर्षभराचा अबोला जीजींनी असाच मोडला. तीनच्या खेळाला दोघींना खेटून बसवलं. पिक्चरमध्ये कोणाचं तरी पोर गेलं आणि या दोघी एकमेकींच्या गळ्यात पडल्या. घरी येताना सासूबाई मला म्हणाल्या, "बाई तशी वाईट नाही गं ती." ही कोणती बाई, ते मी विचारलं नाही.

पडद्याकडे पाठ असल्यामुळे पिक्चरची गोष्ट जीजी आमच्या चेहऱ्यांवरून जुळवायच्या आणि पुढच्या खेळाच्या बायकांना बिनदिक्कत सांगायच्या. एकदा त्या सांगत होत्या, "तो कोटवाला आहे ना, फार भला माणूस. त्याच्यामुळेच सगळं नीट होतं."

मी म्हटलं, "अहो जीजी, तोच तर बदमाश आहे! तोच आग लावतो."

"अच्छा?" जीजींनी माझ्याकडे रोखून पाहिलं. "मग तो आला की तुम्ही सगळ्या इतक्या खुश का होत होतात?"

नट देखणा होता. आम्ही सगळ्या माना खाली घालून शेंगांची टरफलं गोळा करायला लागलो.

मी मूळची बेटम्याची, शाळामास्तरांची मुलगी. माहेरी पिक्चर म्हणजे जत्रेत तंबू येईल तेव्हा. लग्न होऊन मल्हारगंजात आले तेव्हा मध्यभारताचं सरकार नवं नवं होतं. ते सरकार उन्हाळ्यात इंदुरात आणि थंडीत ग्वाल्हेरला. फायली, कपाटं, कारकून, सगळं बिऱ्हाड हलायचं. आमचे हे त्याच कारकुनांपैकी. म्हणजे वर्षातले सहा महिने नवरा ग्वाल्हेरला. उरलेले सहा महिने दोन खोल्यांत सासूबाई, दोन नणंदा आणि आम्ही दोघं. या काळात आम्ही एकमेकांशी सलग किती बोललो असू? 'पाणी आणतेस?' आणि 'ताट वाढलंय' एवढंच. सुनेनं कोणाला न विचारता जावं अशा जागा दोनच, एक देऊळ आणि दुसरी जीजींचा जनाना. देवाची क्षमा मागून सांगते, मला दुसरी जास्त आवडायची.

जीजींची स्वतःची गोष्ट सगळ्या गल्लीला ठाऊक होती आणि त्यांच्यासमोर कोणी काढत नसे. त्यांचे यजमान नाटक कंपनीत होते. नट नव्हे, दर्शनी पडदा ओढणारे. कंपनी इंदुरात असताना लग्न झालं. दोन वर्षांनी कंपनी दौऱ्यावर निघाली तेव्हा 'उज्जैन, रतलाम करून येतो' म्हणून ते बायकोला मागे ठेवून गेले. रतलामला कंपनी मोडली, माणसं पांगली. सामान तेवढं परत आलं, त्यात ते ओढायचे तोच हा किरमिजी पडदा. तेव्हाच्या मालकांनी तो जनान्याला लावला आणि ओढायला जीजींना उभं केलं. राहायला रंगपटाची मागची खोली दिली.

जीजी ठसठशीत कुंकू लावायच्या. कोणा नव्यानं आलेलीनं यजमानांचं विचारलंच तर शांतपणे सांगायच्या, "दौऱ्यावर आहेत." बावीस वर्षांचा दौरा! जुन्या दुसरीकडे बघायच्या. एकदाच, पडदा झटकताना, त्या मला आपणहून म्हणाल्या, "त्यांना इंदुरात दुसरी जागा कुठं ठाऊक आहे बेटा? आले तर सीधे इथंच येतील ना." तेव्हापासून टॉकीजच्या दाराशी कोणी म्हातारा घुटमळला की मीही वळून बघायला लागले.

आणि ही जागाच आता जायला लागली होती. शहरात दोन-तीन नव्या टॉकीज झाल्या. छताला पंखे, गादीच्या खुर्च्या, आवाज स्वच्छ. आमच्या टॉकीजमध्ये नायक बोलायला लागला की पत्र्यावर वाळू ओतल्यासारखं ऐकू यायचं आणि छतातली कबुतरं वेगळीच. आधी पुरुष गेले, मग हळूहळू बायकाही. मालक सेठजींचा मूळ धंदा सरकीचा. रिकामी बाकं बघून त्यांनी पहिल्या रांगेत सरकीची पोती रचली. महिन्याभरानं दुसऱ्या रांगेत. पोती एकेक रांग करत मागे येत होती आणि उरलेले चार पुरुष पोत्यांवरच पाय पसरून पिक्चर बघत होते. जीजी रोज जनान्याच्या ओट्यावरून रांगा मोजायच्या. "आज सातवी गेली," एवढंच म्हणायच्या. सेठजी दिवाळीनंतर खेळ बंद करून सगळंच गोदाम करणार, हे गल्लीत सगळ्यांना कळलं होतं.

मग एका दुपारी जीजी घरोघर निघाल्या. येत का नाही, हे एकेकीला विचारायला. आमच्याकडेही आल्या. मी भाजी निवडत होते.

सासूबाई म्हणाल्या, "असं कसं म्हणता जीजी? आमची सून तर येते की. परवाच नाही का आली होती तुमच्याकडे तीनच्या खेळाला?"

माझ्या हातातली भेंडी तशीच राहिली. परवा मी घरातून जीजींच्या जनान्यात जाते सांगून निघाले होते. हे मित्राकडे जातो सांगून आधीच गेले होते. आणि आम्ही दोघं पार दुसऱ्या टोकाला, नव्या टॉकीजमध्ये भेटलो होतो. एकदा नव्हे, हे इंदुरात आल्यापासून चौथ्यांदा.

जीजींनी माझ्याकडे पाहिलं. पिक्चरच्या उजेडात आमचे चेहरे वाचायच्या, तसंच.

"हो हो, आली होती की," त्या म्हणाल्या. "तिसऱ्या बाकावर बसली होती. खूप रडली बिचारी."

मी त्यांना पोचवायला जिन्यापर्यंत गेले. खालच्या पायरीवर त्या थांबल्या.

"कुठं गेली होतीस?"

"नव्या टॉकीजला. यांच्याबरोबर."

"तिथं काय आहे? पंखा?"

मी खोटं बोलू शकले असते. हो, पंखा, म्हटलं असतं तर बिचाऱ्या सेठजींच्या मागे लागून एखादा पंखा बसवून घेत्या. पण आत्ताच त्यांनी माझी अब्रू झाकली होती, खोटं जिभेवर येईना.

"तिथं शेजारी बसता येतं," मी म्हटलं.

"शेजारी बसून काय करता?"

"काही नाही. बसतो."

जीजींनी कठड्यावरून बोटं फिरवली. मग म्हणाल्या, "आम्ही नाही बसलो कधी. ते पडदा ओढायचे, मी बायकांत." आणि उरलेल्या दोन पायऱ्या उतरून गेल्या. पुढच्या घरी त्या गेल्याच नाहीत. सरळ टॉकीजच्या दिशेनं चालत निघाल्या ते मी खिडकीतून पाहिलं.

दुसऱ्या दिवशी मी खरोखरच तीनच्या खेळाला गेले, पाप फेडायला म्हणा ना. जनान्यात आम्ही तिघी. खेळ संपल्यावर जीजींनी मला थांबवून घेतलं. सेठजी पोती बघायला आलेच होते. त्यांना जीजींनी अस्सल इंदुरी हाक मारली, "भिया, जरा इधर आना."

सेठजी ओट्याशी आले. जीजी म्हणाल्या, "पोती हटवा. और ये परदा भी हटवा दो. सबको साथ में बैठने दो, मियाँ-बीवी को."

सेठजींना वाटलं, म्हातारीचं डोकं फिरलं. "जीजी, आप बोल रिये हो? परदा हट गया तो मल्हारगंज की औरतें आएँगी क्या? घरवाले भेजेंगे?"

"वो मेरे पे छोड दो."

"और नहीं आईं तो?"

"तो भर दो सरकी. मेरे कमरे में भी भर दो."

सेठजी डोकं खाजवत राहिले. माणूस वाईट नव्हता, वडिलांची टॉकीज मोडायची त्यालाही हौस नव्हती. शेवटी म्हणाले, "मरम्मत करा के दशहरे से चालू करते हैं, फिर देखते हैं. पर जीजी, फिर आपका काम क्या रहेगा? आपको क्या चाहिए?"

"दो कुर्सी. आखरी लाइन में, दीवार से लग के. एक मेरी, एक खाली रहेगी."

सेठजींनी ओट्यामागच्या भिंतीकडे पाहिलं. मान हलवली आणि निघून गेले.

पडदा आम्ही दोघींनी काढला. फार जड. कड्या गंजलेल्या, एकेक काढताना बोटं काळी झाली. पडदा खाली आला तेव्हा जीजींनी त्याची कड उजेडात धरून मला दाखवली. किरमिजी रंगावर दोन काळपट, गुळगुळीत डाग होते. एक बराच वर, एक खाली.

"खालचा माझा," त्या म्हणाल्या. "वरचा त्यांचा. उंच होते ना."

रोज एकाच जागी हात पडून पडून ते डाग झाले होते. बावीस वर्षं त्या मुद्दाम खालच्या जागी धरत आल्या होत्या, वरच्या डागावर स्वतःचा हात पडू नये म्हणून. मला रडू आलं. मी म्हटलं, "जीजी, राहू दे पडदा. मी उगाच बोलले." तर म्हणाल्या, "पडदा ठेवून काय करू? ते परत आले आणि इथं सरकी भरलेली असली तर?" मग कात्रीनं तेवढी कड कापून घेतली, घडी करून कमरेला खोचली, आणि बाकीचा पडदा सेठजींना पोती झाकायला देऊन टाकला.

त्यानंतर महिनाभर त्यांनी मल्हारगंज पिंजून काढलं. प्रत्येक घरात थेट सासूशीच बोलणं. "मुलाला-सुनेला एकत्र पाठवा. मी आहे तिथे." एवढं एकच वाक्य. बावीस वर्षं ज्या बाईनं कोणाची सून, कोणाची लेक उजेडात दिसू दिली नाही, तिच्या 'मी आहे' ला वजन होतं. आमच्या सासूबाईंनी पुष्कळ आढेवेढे घेतले आणि शेवटी यांच्याकडे न बघता मला म्हणाल्या, "जीजी आहेत ना तिथं? मग जा." टॉकीज उघडल्यावर आठवड्याभरातच त्या स्वतः समोरच्या काकूंना घेऊन आल्या आणि पुरुषांच्या पुढे तिसऱ्या रांगेत जाऊन बसल्या.

दसऱ्याला टॉकीज पुन्हा उघडली. पोती गेली, भिंतींना चुना लागला, आवाजाचं यंत्र दुरुस्त झालं, कबुतरं मात्र तीच. दाराला झेंडूचं तोरण होतं आणि रांग पार गल्लीच्या वळणापर्यंत. मी आणि हे शेजारी बसलो, स्वतःच्या गल्लीत, चारचौघांत, कोणाला काही खोटं न सांगता. मला वाटलं होतं, याच्याहून मोठं सुख नसेल. सुख होतंच. पण थोड्या वेळानं माझं लक्ष उडालं. रडावंसं वाटलं तर कोणाच्या खांद्यावर रडायचं? खुदखुदायचं कोणाबरोबर? आम्ही सगळ्या ओळखीच्या बायका त्या हॉलमध्ये होतो, पण आपापल्या नवऱ्यांशेजारी, एकेकट्या. मध्यंतराच्या आधी ऑपरेटर सवयीनं खोकला. त्यासरशी हॉलभरच्या बायकांनी माना खाली घातल्या आणि पडद्याच्या कड्यांचा आवाज यायची वाट बघितली. आवाज आला नाही. दिवे लागले. मी मागे वळून पाहिलं. जीजी भिंतीशी उभ्या होत्या आणि त्यांचा हात वर, नसलेल्या पडद्याची कड धरायला गेलेला. भानावर येऊन त्यांनी त्याच हातानं कपाळावरचे केस मागे सारले. मी मान फिरवली, त्यांनी मला बघू नये म्हणून.

टॉकीज चालली, छान चालली. पुढे मध्यप्रदेश झाला, राजधानी भोपाळला गेली, यांच्या फायलींबरोबर आम्हीही गेलो. जीजींचे यजमान आले की नाही, ते मला कळलं नाही. सणावारी इंदूरला जायची तेव्हा टॉकीजवरून जायची. दारावर गर्दी बघून बरं वाटायचं आणि आत जायचा धीर व्हायचा नाही. नवऱ्याशेजारी बसायचं सुख मला पुढे आयुष्यभर मिळालं. जनाना पुन्हा मिळाला नाही. इतक्या बायकांमध्ये इतकं निर्धास्त मी नंतर कुठेच बसले नाही, आणि तो गेला तो माझ्या एका खऱ्या उत्तरापायी, हे मला अजून डाचतं.

पण मला सांगायचा आहे तो त्याच वर्षीचा, दिवाळीनंतरचा एक दिवस. सरकार ग्वाल्हेरला गेलं आणि हेही गेले. घर खायला उठलं, म्हणून मी तीनच्या खेळाला एकटीच निघाले. आत गेल्यावर लक्षात आलं की आता एकटीनं बसायला जागाच नाही. बाहेर हाउसफुल्लची पाटी होती, ओळखीची म्हणून मला आत सोडलं होतं, पण आत सगळी जोडपी. मी भिंतीशी अवघडून उभी राहिले, परत फिरावं म्हणून पदर सावरला.

शेवटच्या रांगेत जीजी बसल्या होत्या, पांढऱ्या पडद्याकडे तोंड करून. शेजारची खुर्ची रिकामी. तिच्यावर त्यांनी कोणाला कधी पिशवीसुद्धा ठेवू दिली नव्हती. त्यांनी मला पाहिलं, मग दाराकडे पाहिलं, आणि त्या खुर्चीवर हात थोपटला.

मी म्हटलं, "अहो जीजी, ही तर..."

"बस," त्या म्हणाल्या. "तुझेही दौऱ्यावरच आहेत ना."

दिवे गेले. पिक्चर कोणता होता, ते मला आठवत नाही. शेजारी बसून आम्ही काहीच केलं नाही. बसलो.